कोकण बोटीवरचा गंज

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा घरात एक टेबल असं होतं की ज्यावर कुणी जेवत नसे, लिहीत नसे, इस्त्रीही करत नसे. ते नवऱ्याच्या छंदाचं टेबल. तो बँकेत होता. संध्याकाळी घरी आला की चहा घेऊन त्या टेबलाशी बसायचा आणि पुठ्ठा, बाल्साचं लाकूड, फेव्हिकॉल आणि ब्लेडची पाती यांच्यात हरवायचा. विमानं, ट्रक, एकदा बेस्टची दुमजली बस. वस्तू हुबेहूब उतरायच्या, पण सगळ्या कोऱ्या दिसायच्या. दुकानाच्या काचेत ठेवल्यासारख्या.

मी शाळेत चित्रकला शिकवायची. त्या बसबद्दल मी एकदा म्हटलं, "ही कधी रस्त्यावर गेलीच नाही." त्याला ते लागलं असावं. नंतर फोर्टमधल्या फुटपाथवरून त्यानं एक जुनं परदेशी मासिक आणलं. त्यात मॉडेलं जुनी, वापरलेली कशी दाखवायची याचे फोटो होते. छोट्या बाटल्यांतून बारीक पूड मिळते, ती कोरड्या ब्रशनं लावायची: गंजाची, धुळीची, काजळीची. आपल्याकडे अशा बाटल्या कुठे मिळणार? पण फोटो पाहून माझ्या लक्षात आलं की हे काम माझ्या हातातलं आहे. कोरडे पेस्टल मी रोज वापरत होते. ते सँडपेपरवर घासले की पूडच पडते.

त्याच सुमारास सासरे कायमचे आमच्याकडे राहायला आले. सासूबाई गेल्यावर गावचं घर बंद करून. ते उभी हयात कोकणच्या आगबोटीवर होते. खलाशी म्हणून चढले आणि टंडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून उतरले. बोलणं अगदी कमी. माझं माहेर अंधेरीचं, घरात सगळे कचेरीतले, त्यामुळे त्यांची मालवणी मला पहिले काही महिने निम्मीच कळायची. त्यांनाही ते ठाऊक होतं. मग ते आणखी कमी बोलायचे.

गावच्या मंडळाचं स्नेहसंमेलन दरवर्षी बोरिवलीच्या एका शाळेत व्हायचं. त्या वर्षी मंडळींनी नवऱ्याला गळ घातली, "आपली बोट करून आण." बोटीची फेरी तोवर बंद पडली होती, आणि गावातली बहुतेक माणसं मुंबईत आली होती ती त्या बोटीनंच. नवरा लगेच तयार झाला. सासऱ्यांनाही ते आवडलं. धुराचं नळकांडं किती उंच, शिडी कुठल्या बाजूला, होड्या कशा टांगलेल्या, हे ते खुर्चीतून सांगायचे आणि तो कापायचा. बापलेकांना इतका वेळ एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. हातभर लांबीची बोट तयार झाली. खाली काळी, वर पांढरी. सासऱ्यांनी ती दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर नेली, कठड्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "झकास."

तिथं थांबायला हरकत नव्हती. पण नवऱ्याच्या डोक्यात ते मासिक होतं, आणि माझ्याही.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही कामाला बसलो. पूड उडू नये म्हणून पंखा बंद. सासऱ्यांनी आतून विचारलं, "पंखो कित्या बंद केलंस?" नवरा म्हणाला, "रंगकाम चाललंय, बाबा." ते पंचा खांद्यावर टाकून खाली बागेत जाऊन बसले.

गंजासाठी गेरू आणि विटकरी पेस्टल. नळकांड्याच्या तोंडाशी रॉकेलच्या दिव्याची काजळी. खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ दाखवायला मी आदल्या आठवड्यात मैद्याचा हात फिरवून पाहिला होता आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर मुंग्यांची रांग लागली होती. ते पुसून मग कॅरमची पावडर घेतली. पूड लावण्यात खरी कला लावण्याची नसते, थांबण्याची असते. ब्रश टेकवायचा, झटकायचा, आणि मग पाणी कुठून ओघळेल एवढाच विचार करायचा. नांगराच्या साखळीच्या भोकाखाली एक लांब तपकिरी रेघ ओढली आणि ती बोट एकाएकी समुद्रावर गेली. नवरा खुर्ची मागे सारून नुसता बघत राहिला. म्हणाला, "अगं, हीच. मी लहानपणी होडीतून जवळ जायचो ना, तेव्हा पहिल्यांदा हाच गंज दिसायचा. भिंतीएवढा."

पूड पक्की करायला वर चपडीचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पातळ पाणी फुंकायचं असतं. ते शाळेत होतं. बोट वर्तमानपत्राखाली झाकून ठेवली आणि सोमवारी आम्ही दोघं कामावर गेलो.

संध्याकाळी दोघं स्टेशनवर भेटून एकत्रच घरी आलो. सासरे टेबलाशी बसले होते. पुढ्यात पाण्याचं भांडं आणि हातात ओला पंचा. बोट जवळजवळ पूर्ण स्वच्छ होती. पंच्यावर मात्र सगळा रविवार उतरला होता.

"बाबा, हे काय केलंत?" नवरा म्हणाला.

"पुसून काढलंय."

"अहो, तो मुद्दाम लावला होता! खरी वाटावी म्हणून."

"खरी?" त्यांनी पंचा पिळला. "अशी बोट बंदरात इली असती तर कप्तानान माका धक्क्यारच उतरवल्यान असता."

"पण गंज होता, बाबा. मी पाहिलाय. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"तू उतारू. तू काय पण बघशील."

नवरा बूट न काढताच बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मला राग आला होता, पण तो माझ्या कामाचा होता. त्याचा राग बराच जुना वाटला. बाप वर्षातला बहुतेक काळ पाण्यावर, आणि मुलगा गावात आजीपाशी. बोट बंदराच्या बाहेर थांबली की तो होडीतून तिच्याजवळ जायचा आणि कधी बाप कठड्याशी दिसायचा, कधी नाही. हे त्यानं मला त्या रात्री नव्हे, फार पुढे सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की दोन माणसं एकाच बोटीबद्दल भांडतायत आणि दोघांनाही ती नीट आठवतेय.

मी भांडं उचललं. पाणी तपकिरी झालं होतं. जाता जाता विचारलं, "बाबा, बोटीला गंज कधी चढायचाच नाही का?"

त्यांनी पंचा घडी करून टेबलावर ठेवला. म्हणाले, "चढायचो. रोज चढायचो. पण रवायचो नाय."

"राहायचा का नाही?"

"खाऱ्या पाण्यात गंज येवचोच गो. मगे माका थंय पगार कित्याचो होतो?"

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि मनगटातून ठोकून दाखवलं. हातोडीनं गंजाचे पापुद्रे उडवायचे, तारेच्या ब्रशनं घासायचं, गंज लगेच धरू नये म्हणून शेंदराचा हात द्यायचा आणि तो सुकला की वर काळा. बोटीच्या एका टोकापासून सुरुवात करायची. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा लाल झालेलं असायचं. दोरीनं टांगलेल्या फळीवर बसून, खाली पाणी. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, अभिमानानंही नाही. पण आमच्या घरी आल्यापासूनचं ते त्यांचं सर्वांत लांब बोलणं होतं आणि मला त्यातला शब्दन् शब्द कळला.

पुढच्या रविवारी मी त्यांना टेबलाशी बसवलं. पंखा बंदच होता. या वेळी त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, "गंज थोडा ठेवते. पण तुम्ही जिथवर खरवडत आला असाल तिथवर शेंदूर लावते. आणि त्याच्या मागे नवा काळा."

"अर्ध्यार टाकलेला काम दाखवतलंस? लोक काय म्हणतले?"

"अर्ध्यावर टाकलेलं नाही. चालू असलेलं."

त्यांनी होकार दिला नाही, पण उठलेही नाहीत. मी नारिंगी पूड घासली, शेंदराच्या ठिगळाच्या कडा कुठे असाव्यात ते विचारलं, आणि त्यांनी बोटानं दाखवलं. साखळीखालची रेघ मी पुन्हा ओढायला घेतली तेव्हा ते म्हणाले, "थंय रवांदे. थंय आमचो हात पोचत नव्हतो." नवरा हे ऐकून हसला. लगेच चपडीचं पाणी फुंकून टाकलं. आता पंचा चालणार नव्हता.

बोरिवलीला बोट शाळेच्या बाकावर ठेवली. भोवती गर्दी झाली आणि ती संपेना. कुणाला बोट फार लहान वाटली, कुणाला फार स्वच्छ. एका बाईनं पदर नाकाला लावला; म्हणाली की नुसती बघून मळमळतंय. मग एक गृहस्थ वाकून म्हणाले, "ह्या नारिंगी काय? बोटीक काय देवी इल्यो?"

नवरा उत्तर द्यायला पुढे झाला, तोच सासरे बोलायला लागले. "तो शेंदूर. गंज खरवडल्यार आधी शेंदूर लावूक लागता, मगे काळो." गृहस्थांनी आणखी विचारलं. त्यांनी आणखी सांगितलं. फळी, दोरी, हातोडी. माणसं बदलत राहिली आणि ते सांगत राहिले. जेवणाची पंगत बसली तरी ते बाकापासून हलले नाहीत. नवऱ्यानं पानात भात आणि कढी वाढून तिथंच आणून दिली. तो स्वतःही तिथंच उभ्यानं जेवला. बाप काय सांगतोय ते त्यालाही नवीनच होतं.

मंडळाच्या लोकांनी बोट कार्यालयात ठेवायला मागितली. सासऱ्यांनी देऊन टाकली. नवऱ्याला विचारलंही नाही. मला वाटलं, आता पुन्हा पेटणार. पण तो बोट गुंडाळायला वर्तमानपत्र शोधू लागला.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. दोघं माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. बऱ्याच वेळानं नवऱ्यानं विचारलं, "आता पुढची कुठली करू?"

"गलबत कर," सासरे म्हणाले. "लाकडाक गंज येणा नाय."

गलबत दिवाळीनंतर सुरू झालं आणि बरेच महिने चाललं. लाकूड जुनं दिसावं म्हणून मी चहाचं पाणी आणि कोळशाची राख वापरली, आणि त्यांनी त्याला हरकत घेतली नाही. शिडं त्यांनी स्वतः शिवली, आपल्या एका विटक्या धोतरातून, बारीक सरळ टाक्यांनी. ती मळवायची गरज मला वाटली नाही.