रक्तात आजी कमी

माझ्या नातीच्या रक्तात मी कमी पडतेय, हे मला मिक्सरच्या घरघराटात कळलं.

मुक्ता बालवाडीत जायला लागली आणि तिचा एक खोकला दाराबाहेर पडतो न पडतो, तोच दुसरा आत येऊन चपला काढायला लागला! शेवटी डॉक्टर म्हणाले, "पोरीची प्रतिकारशक्ती तपासू या." रक्त दिलं आणि रिपोर्टची वाट बघताना घरात कुणाला घास गोड लागेना. (आमचे हे सोडून. यांना बांगडा गोड लागत होता.)

दुपारी मी खोबरं वाटत होते, तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला. सून केतकी गॅलरीत धावली. आमच्याकडे रेंज तिथेच राहते. मी कान टवकारले, पण मिक्सर चालूच ठेवला. (बंद केला असता तर चोरून ऐकतेय हे कळलं असतं!)

"काय? आजी कमी?" केतकीचा आवाज कापत होता. "मग वाढवायला काय करायचं?"

आजी कमी! आणि हीच मला सकाळी म्हणाली होती, "आई, तुम्ही फारच जपता तिला." त्यावर रुसून मी संगमेश्वरला बहिणीकडे जायची बॅग भरली होती. ती तिथल्या तिथे रिकामी केली आणि स्वतःला वाढवायला घेतलं.

मुक्ताला मांडीवरून खाली ठेवेना. भाट्याच्या समुद्रावर वाऱ्यात जाणं बंद, कानटोपी चालू. आणि धुरी! निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं. दुसऱ्या दिवशी तर एवढा धूर झाला की शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावत आली!

"अगो, काय पेटलंय?"

"काही नाही गो, औषध चाललंय!"

तेवढ्यात मुक्ताची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. पोट आत ओढलं जाऊ लागलं. "आजी, हवा दे ना," ती म्हणाली, आणि मी तिला उचलून, केतकीला हाका मारत रिक्षाकडे धावले. रिक्षात तिला छातीशी धरून मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता मलाही आठवत नाही. (देवाला आठवत असणार!)

दवाखान्यात वाफेचा मास्क लावला. हळूहळू शिट्टी थांबली. मला हुंदका आवरेना.

"डॉक्टर, मी कमी पडले हो! आणखी वाढते!"

"काय वाढता?"

"आजी! तुम्हीच सांगितलंत ना, रक्तात आजी कमी आहे?"

केतकीने कपाळावर हात मारला. "आई, आजी नाही, आयजी! आयजी!"

आयजी म्हणजे रक्तातली, जंतूंशी लढणारी प्रथिनं. "थोडीशीच कमी आहेत," डॉक्टर म्हणाले. "या वयात असतात कधीकधी, वाढतील हळूहळू. काही महिन्यांनी पुन्हा तपासू. पण हिच्या केसांना वास कसला येतोय?"

"ओव्याचा," मी अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजी, या पोरीला आयजी जरा कमी आहे आणि आजी जरा जास्त झाली आहे. धुरी आजपासून बंद!"

परतताना मी केतकीला हळूच विचारलं, "बॅग भरू?"

"कुठे जाताय आता? राहा. पण धुराशिवाय राहा."

गावोगावी निर्धूर चुली आल्या, तशी आमच्या घरी निर्धूर आजी आली आहे. फक्त अधूनमधून आतल्या आत धुमसते!