वाटी रिकामी द्यायची नाही

अमरावतीच्या त्या गल्लीत दुर्गाबाईसारखा स्वयंपाक कोणाचाच नव्हता. दोडक्याची साल? चटणीत. कोथिंबिरीच्या काड्या? वरणात. उरलेली भाकरी सकाळी कुस्करून, कांद्याची फोडणी देऊन ताटात. मैदा नाही, पाकिटातलं काही नाही. भाजी रोज जराशी जास्तच व्हायची, ती वाटी भरून शेजारच्या खुर्शीदबीकडे. अन्न वाया म्हणून जाऊ द्यायचं नाही! वर गल्लीतल्या बायांना ऐकवायची, "घरचं साधं खा वं, दवाखान्याची पायरी चढा नाई लागनार."

आणि पायरी चढावी लागली ती तिलाच. नवरा पुंजाजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा, मग ऑपरेशन. दुर्गाबाईनं कंबर कसली. चहा बिनसाखरेचा, ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, गोळ्या वेळेवर. तारीख मिळाली, तर साखर वाढलेली. दुसरी तारीख, आणखी वाढलेली! आज तिसऱ्यांदाही तेच. डॉक्टर कागद बाजूला सारत म्हणाले, "बाई, घरी खायला काय घालता यांना?"

दुर्गाबाईचं डोकंच फिरलं. तिला विचारतात, खायला काय घालता? ऑटोत बसल्यापासून तिची टकळी सुरू झाली ती घर आलं तरी थांबेना. "खरं सांगा, चौकात जाऊन गोड दह्यातले गिलावडे खाता ना तुमी?"

"मले रस्ता दिसत नाई, चौकात कसा जाऊ?" पुंजाजी म्हणाला. ते मात्र खरं होतं. मग साखर काय आभाळातून पडते?

दुपारी ती गच्चीवरचे कपडे काढून खाली आली. पुंजाजी ओसरीवर शहाण्यासारखा बसलेला.

"काई खाल्लं का?"

"काईच नाई."

त्याच्या सदऱ्याच्या गुंडीला शेवई चिकटली होती. तुपातली, गोड. एक छातीवर, दोन मांडीवर. त्याला बिचाऱ्याला दिसतच नव्हतं. खुर्चीखाली तिचीच वाटी, चाटूनपुसून लख्ख.

"हे काय हाय?" ती ओरडली.

"खुर्शीदबीनं पाठवलं. रोजच येते काई ना काई, तू वर गेली की. कधी शेवया, कधी शिरा. तूच म्हनते ना, अन्न वाया नाई घालवावं?"

दुर्गाबाईनं वाटी उचलली. दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही सगळ्या गल्लीची रीत. रोज आपणच भाजीची वाटी पाठवत होतो आणि रोज ती गोड होऊन परत येत होती! बरं, खुर्शीदबीला बोल लावायचा तरी कसा? घरात साखरेचा आजार आहे हे दुर्गाबाईनं कोणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. लोक म्हणतील, एवढी शिकवत फिरते अन् हिच्याच घरी!

ती तशीच वाटी घेऊन शेजारी गेली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. खुर्शीदबीचा चेहरा पांढरा पडला.

"या अल्ला! मले काहून नाई सांगितलं, दुर्गाबाई? मी तं भाईसाबले आवडते म्हनून मुद्दाम तूप जास्त टाकत होती." तिनं डोळ्याला पदर लावला. "तीन महिने झाले. माह्याच हातानं..."

"तुमच्या नाई, माह्या," दुर्गाबाई म्हणाली. "उद्यापासून वाटी रिकामी द्या."

"रिकामी कशी देऊ?"

"द्या म्हनलं ना!"

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्शीदबी दारात आली. वाटी दुर्गाबाईच्या हातात ठेवली आणि मान खाली घालून परत गेली.

"कोन, खुर्शीदबी का?" ओसरीवरून पुंजाजीनं विचारलं. "काय आनलं?"

"काईच नाई. रिकामी हाय."

त्यानं हात पुढे केला. वाटी घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि मग आत बोट फिरवून पाहिलं.