ट्रॉलीला अर्थ मिळेना

मला राग लवकर येतो, हे सासरी आल्यापासून ऐकतेय. मोठी सून शांत पाहिजे म्हणे. रावेरकडच्या आमच्या गावात सगळीकडे केळीची गार बाग आणि त्यात मी एकटीच तापलेली, असं माझा नवरा चार लोकांत हसत हसत सांगतो. सांगू दे. त्या वर्षी मी तापले नसते तर आमचे आबा आजही खोटे ठरलेले असते.

आबा म्हणजे माझे सासरे. ट्रॅक्टर त्यांचा जीव की प्राण. माल कापला की घड ट्रॉलीत भरून बागेतून पॅकिंगच्या शेडवर न्यायचे, हे काम ते वर्षानुवर्षं स्वतः करत आले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घडाला दणका बसला की साल काळी पडते आणि व्यापारी लगेच नाक मुरडतो. म्हणून खड्डा दिसायच्या आधीच आबांचा पाय ब्रेकवर जायचा. त्यांच्या ट्रॉलीच्या मागे अडकलेले लोक वैतागून हॉर्न वाजवायचे. आबांना त्याचं काही वाटायचं नाही.

दसऱ्याला माझ्या धाकट्या दिराने ट्रॉली रंगवून आणली. लालभडक, कडेने पिवळी वेलबुट्टी. रंगाऱ्याने हात सैल सोडून नटबोल्टपासून पुढच्या कडीपर्यंत, म्हणजे जी ट्रॅक्टरच्या हूकमध्ये अडकते त्या कडीपर्यंत, सगळं रंगवून टाकलं. फैजपूरच्या एका वायरमनकडून मागे नवे दिवेही बसवून घेतले. दिराला त्या ट्रॉलीचं इतकं कौतुक की येईल त्याला मागे नेऊन दिवे लावून दाखवायचा. लागायचेही छान. मी नाही म्हणत नाही.

दिवाळीनंतर एकदा आबा दिवेलागणीला शेडवरून रिकामी ट्रॉली घेऊन परत येत होते. मागचे दिवे लावलेले होते. गावाच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या, आबांनी ब्रेक दाबला आणि मागून एक मोटरसायकल ट्रॉलीवर आदळली. शेजारच्या गावचा दूधवाला होता. कॅन कलंडले, रस्ताभर दूध सांडलं, आणि त्या बिचाऱ्याचा पाय मोडला.

दवाखान्यात तो एकच गोष्ट सांगत होता. पुढे ट्रॉलीचा लाल दिवा दिसत होता म्हणून तो अंतर राखून होता. मग दिवा एकदम गेला. त्याला वाटलं ट्रॉली शेतात वळली, रस्ता मोकळा झाला. म्हणून त्याने गाडी भरधाव सोडली.

लोक हसले. ब्रेक मारल्यावर दिवा पेटतो, विझतो कुठे? आमच्याकडचे म्हणाले, हा मोबाइल बघत असेल. त्याच्याकडचे म्हणाले, म्हाताऱ्याला डुलकी लागली असेल. दिराने वायरमनला बोलावलं. तो आला, अंगणात उभ्या ट्रॅक्टरवर चढला, त्याने ब्रेक दाबला. मागचे दोन्ही दिवे भक्कन पेटले. पुन्हा दाबला, पुन्हा पेटले. "ओके आहे," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

झालं. दिवे ठीक आहेत म्हटल्यावर माणसंच खोटी असणार. दूधवाला थापा मारतोय, आणि आबांनी ब्रेकवर पाय ठेवलाच नसेल, गिअरमध्येच ट्रॅक्टर थांबवला असेल, असं दिराने ठरवून टाकलं. "वय झालं आता त्यांचं," म्हणाला. आबा समोर बसलेले असताना म्हणाला. आबा म्हणाले, "म्या ब्रेक दाबला रे. मले एवढं तं याद राह्यते." पण त्यांचं कोण ऐकतो. माझा नवरा पेपर उघडून बसला. मी बोलले तर दीर म्हणे वहिनी तुम्हाला ट्रॅक्टरमधलं काय कळतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाद वाढू नये म्हणून दोघं भाऊ आबांना दूधवाल्याच्या घरी घेऊन गेले. मीही गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं. पलंगावर प्लास्टरमधला पाय, उशाशी त्याची आई. आबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "चुकलं माझं." ज्या माणसाने चूक केलेली नाही त्याला चुकलं म्हणायला लावणं म्हणजे काय असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. दूधवाल्याचंही समाधान झालं नाही. त्याचं म्हणणं दिव्याबद्दल होतं आणि दिव्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. घरी आल्यावर दिराने ट्रॅक्टरची किल्ली आबांच्या हातातून घेतली आणि आपल्या खिशात टाकली.

त्यानंतर आबा ओट्यावर बसून राहायला लागले. कुणाशी भांडण नाही, तक्रार नाही. फक्त बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय हळूच खाली दबायचा आणि वर यायचा. मला आधी वाटलं पाय आखडला असेल, तेल लावून देऊ का विचारलं. ते म्हणाले नको. मग एकदा मी धान्य निवडत शेजारी बसले होते, तेव्हा म्हणाले, "बाई, म्या दाबला व्हता ना ब्रेक? मलेच आता काही समजत नाही." किल्ली गेली तर गेली, पण माणसाचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला होता या लोकांनी, आणि वर सगळे मजेत जेवत होते. मी म्हटलं, "आबा, तुम्ही म्हणता ना दाबला, मग दाबला." एवढ्याने त्यांचं समाधान होणार नव्हतं, हे मलाही कळत होतं.

पुढे एक दिवस आभाळ भरून आलेलं होतं. अवेळी आलेलं, मेलं. दुपारीच अंधारून आलं म्हणून दिराने मागचे दिवे लावले आणि तो ट्रॉली घेऊन निघाला. मला फैजपूरला शिंप्याकडे जायचं होतं. मी माझ्या स्कूटीवर त्याच्या मागे. सरळ रस्त्यावर दिवे छान लाल दिसत होते. पुढे शाळेसमोरचा गतिरोधक आला, दिराने वेग कमी केला आणि दिवे गेले. दोन्ही. गतिरोधक ओलांडून ट्रॅक्टरने ओढ घेतली की पुन्हा लागले.

मी डोळे चोळले. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच. जिथे दिवे जास्त पेटायला हवेत, तिथेच पार अंधार. दूधवाल्याने शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं आणि सगळं गाव त्याला हसलं होतं. मी स्कूटी दामटली, ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन आडवी लावली.

"वहिनी, वेड लागलं का तुम्हाला?" दीर ओरडला.

मी सांगितलं काय दिसलं ते. त्याने बसल्या जागी ब्रेक दाबला आणि मान वळवून म्हणाला, "बघा बरं मागे जाऊन." मी गेले. दिवे पेटलेले होते. तो वरून हसला. खरं सांगते, रस्त्यावरचा दगड उचलावासा वाटला. मी म्हटलं, "चालत्या ट्रॉलीचे बघायचेत, उभ्या नाही. ट्रॅक्टर वळवा, घरी चला."

घरी आबा ओट्यावरच होते. मी म्हटलं, "आबा, उठा. ट्रॅक्टर चालवायचाय."

"किल्ली माह्याजवळ नाही, बाई."

मी दिरापुढे हात केला. त्याने आधी किल्ली मुठीत आवळली. शेवटी त्याने किल्ली दिली आणि मी ती आबांच्या हातात ठेवली. मग दिराला माझ्या स्कूटीवर मागे बसवलं. एवढा धिप्पाड माणूस वहिनीच्या मागे अंग चोरून बसलेला, पारावरची माणसं टकामका बघत होती. बघू दे म्हटलं. आबांना सांगून ठेवलं होतं, नेहमीसारखं चालवा, दुसरं काही करू नका. शाळेसमोर आबांचा पाय ब्रेकवर गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत दिवे विझले.

"दिसलं?" मी विचारलं.

मी मान मागे वळवली. "बोला ना. आबांनी ब्रेक दाबला की नाही?"

"दाबला," दीर म्हणाला. मला पुढे ऐकू येईल न येईल असं.

आम्ही तसेच फैजपूरला वायरमनच्या दुकानावर गेलो. तो आधी मानायलाच तयार नाही, मीच तपासलं होतं म्हणे. मी त्याला मागे चालत यायला लावलं आणि आबांनी दुकानासमोर ट्रॉली पुढे नेऊन ब्रेक दाबून दाखवला. तेव्हा तो खाली वाकला. ट्रॅक्टरच्या हूकमधली कडी बघत बसला आणि मग डोकं खाजवायला लागला. दिव्यापर्यंत करंट जायला त्याने वायर टाकली होती. पण करंट परत यायला वाट लागते, तिला हे लोक अर्थ म्हणतात, तिच्यासाठी त्याने वेगळी वायर टाकलीच नव्हती. हूक आणि कडीचं लोखंड एकमेकांना टेकतं, त्यातूनच अर्थ घेतला होता. ट्रॅक्टर ओढतो त्या बाजूचा कडीचा रंग घासून गेला होता, तिथे लोखंड लोखंडाला लागत होतं. पण ब्रेक मारला की मागची ट्रॉली पुढे रेटायची, कडी सरकून दुसऱ्या अंगाला टेकायची, आणि तिथे दसऱ्याचा लाल रंग जाडच्या जाड तसाच. तेवढ्या वेळापुरते दिवे बंद. थांबल्यावर ट्रॉली जरा मागे सरकली की कडी पुन्हा घासलेल्या अंगाला, म्हणून उभ्या ट्रॉलीचे दिवे ठीक.

"सगळे हूकवरूनच घेतात, वहिनी," तो म्हणाला. "एक वायर वाचते."

माझं डोकंच सटकलं. एक वायर वाचवली आणि एकाचा पाय मोडला, दुसऱ्याला गावात खोटं पाडलं. उभ्या ट्रॉलीला ओके म्हणताना जीभ कशी झडली नाही. मी त्याला म्हटलं, "याला काही अर्थ आहे का?"

"तेच सांगतोय ना वहिनी," तो गंभीरपणे म्हणाला, "अर्थच मिळत नाहीये."

ट्रॅक्टरवर बसलेले आबा हसायला लागले. कित्येक दिवसांत हसले नव्हते. दीरही हसणार होता, पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवरलं. मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही.

वायरमनने मुकाट्याने वेगळी वायर ओढली, टोक घासून बोल्टाला आवळलं, ब्रेक दाबून बघायला सांगितलं आणि सवयीने म्हणाला, "ओके." मी म्हटलं, तुझं ओके तुझ्याजवळ ठेव. दिराला म्हटलं, "आता आबांना काय म्हणायचं ते म्हणा." तो नटबोल्ट चाचपत उभा राहिला. वडिलांवर बोट ठेवताना याचं तोंड खंदकासारखं उघडतं आणि चुकलं म्हणायची वेळ आली की दातखीळ बसते. आबाच म्हणाले, "जाऊ दे, बाई." या जाऊ देचाही मला संताप येतो. कुणी काही जाऊ देत नाही, फक्त आबांनीच सगळं जाऊ द्यायचं.

मी विचारलं, "आता घरीच ना?"

"नाही," आबा म्हणाले. "आधी दूधवाल्याकडं. त्याले सांगतो, तू खरं बोलत व्हता. त्याचंबी कोनी ऐकलं नाही."

दीर म्हणाला तो एसटीने येईल. येऊ दे म्हटलं. आबा पुढे निघाले, मी मागे स्कूटीवर. फैजपूर संपल्यावर ट्रॉलीचे दिवे आणखी लाल झाले. मला वाटलं खड्डा असेल. खड्डा नव्हता. थोडं पुढे पुन्हा लाल झाले, मग पुन्हा. ना गतिरोधक, ना म्हैस, दोन्हीकडे केळी आणि मधे सरळ रस्ता. मी हॉर्न वाजवला नाही. दूधवाल्याच्या दारापर्यंत आबा ब्रेक दाबत गेले.