ये आणि घेऊन जा

शारजाला निघालो त्या दुपारी बाबांनी माझी बॅग उघडली आणि हातात धरून खेळायचं ते गेमचं यंत्र बाहेर काढलं. "कामाला चाललायस ना? मग खेळणी इथंच राहू देत." आई दाराशी दह्याची वाटी घेऊन उभी होती. मी दही न खाताच रिक्षात बसलो. बडोद्यात समा भागातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत बाबा आले नाहीत, आणि मीही वळून पाहिलं नाही. तो राग मी सोळा वर्षं सांभाळला.

तुम्ही जे बडोद्यात राहिलात, त्यांना हे पोरकट वाटेल. जे बाहेर पडलात, त्यांना ठाऊक आहे की एका खोलीत सात जण झोपताना रागाचाही आधार होतो. मी जुने फोन ढिगानं घ्यायला शिकलो. विकणाऱ्याची गरज त्याच्या तोंडावरून ओळखायला शिकलो. आज माझं स्वतःचं दुकान आहे आणि माझ्याशी घासाघीस करायला लोक कचरतात. दिवसभर हिंदी, मल्याळम, तोडकी अरबी. मराठी फक्त रविवारी, फोनवर.

मी गेल्यावर तिसऱ्या वर्षी आई गेली. पासपोर्ट मालकाकडे अडकला होता. मी पोचलो नाही.

मग आठवलं, त्या यंत्रात आवाज टिपायची सोय होती. एकदा गंमत म्हणून मी स्वयंपाकघरातून येणारी आईची हाक टिपली होती, जेवायला बोलावणारी. तिचे फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र दुसरीकडे कुठंच नव्हता. बाबांना म्हटलं, ते पाठवून द्या. ते म्हणाले, "ये आणि घेऊन जा." कुरियरचं सुचवलं, शेजाऱ्यांबरोबर द्या म्हटलं, ओरडलो, फोन आपटला. दर वेळी तेच, "ये आणि घेऊन जा." समोरचा अडून बसला की मीही अडून बसतो. पुढं पासपोर्ट हातात आला, तिकिटाला पैसेही होते. तरी आलो नाही.

हाक मात्र यायची. तिकडे कुकरची शिट्टी झाली की पाठोपाठ, अगदी मागून. मी वळायचो.

शेवटी यंदा दिवाळीनंतर आलो. बाबा आता ऐंशीचे. कारखान्यात फिटर होते. त्यांनी कपाटातून यंत्र काढून दिलं. बटण दाबलं. काहीच नाही. बॅटरी फुगलेली.

फतेगंजमधल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. सवयीनं भाव पाडायला लागलो, "आम्ही असले डबे किलोनं घेतो."

"तो काका, किलोवाळा पासे जाओ ने!" तो हसत म्हणाला आणि स्क्रू काढायला लागला. झाकण उघडलं आणि त्याचा हात थांबला. "काका, आमां तो कंकू छे!"

फटींमधून आत गेलेलं हळद-कुंकू, त्यावर पडलेलं पाणी, वर्षानुवर्षांचा सुकलेला लाल थर, आणि त्याखाली हिरवा गंज.

"डेटा मळशे?" मी विचारलं.

"जोईए," बघू या अशा सुरात तो म्हणाला.

त्यानंतर मी भावाचं बोललो नाही.

घरी येऊन बाबांवर ओरडलो, "यात कुंकू कुणी घातलं?"

"मी. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतो आपण. माझी पक्कड, हातोडी, तिची विळी." मग म्हणाले, "तुझं दुसरं काय होतं इथं?"



तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं थर धुऊन, तुटलेली एक जोडणी बारीक तारेनं सांधून, बाहेरून वीज देऊन यंत्र चालू केलं. "एक वार चालशे, काका. पछी भगवान जाणे." त्यानं माझा फोन यंत्राच्या स्पीकरला टेकवला आणि आवाज फोनमध्ये उतरवून घेतला. रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये मला काहीच कळलं नाही.

दुपारी चारला घरी बाबांच्या समोर फोन ठेवला. खरखर, भांड्यांचा आवाज, आणि मग आई.

"अहो, पानं घेतलीत, या. आणि त्यालाही घेऊन या, रुसलाय तो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती हाक मला होती.

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. मोरीत जाऊन हात धुतले. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, "चल. ऊठ."

मी उठलो. सकाळची खिचडी उरली होती. बाबांनी मांडणीवरून ताटं काढली. तीन काढली. मी तिन्ही मांडली.

यंत्र पुन्हा चालू झालं नाही. निघताना मी ते कपाटात पक्कडीशेजारी ठेवलं.

"नेत नाहीस?"

"खंडेनवमीला येऊन नेतो."

"मग या खेपेला कुंकू कोरडंच लावतो," ते म्हणाले.

शारजातल्या खोलीचं भाडं मी भरतो, किल्ली माझ्या खिशात असते, पण तिथं माझी अडकून पडलेली अशी एकही वस्तू नाही. घर म्हणजे काय, हे मला तरी आता एवढंच कळतं. फाटकापर्यंत बाबा याही वेळी आले नाहीत. रिक्षात बसताना मान वर केली तर वर खिडकीत उभे होते. मागच्या वेळीही असतील.