साडूंच्या स्कूटरचा डबा

यवतमाळ सोडलं तेव्हा माझी मोटारसायकल जिल्ह्यात सर्वांत देखणी होती. हा समज फुलसावंगीपर्यंत टिकला.

वाटेत आर्णीला आलुबोंडा (बटाटावडाच, पण तसं म्हटलं तर लोक रागावतात) खायला थांबलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, कंबर धरूनच उतरली. "तुमची गाडी दिसाले चांगली आहे," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिनं बोंड्याबरोबर गिळलं.

महागावपासून दोन्ही अंगांना कापूस फुटलेला. फुलसावंगीला मेहुणीच्या अंगणात शिरलो आणि माझी गाडी एकदम म्हातारी झाली. साडू प्रभाकररावांनी जुन्या स्कूटरला डाव्या बाजूनं साइडकार जोडली होती. निळा रंग, लाल गादी, वर छत. घरात तिला डबा म्हणतात. त्यातून मेहुणीच्या सासूबाई दवाखान्यात जातात, दूध बाजारात जातं, आणि एक आजारी वासरू तर मान बाहेर काढून महागाव पाहून आलं होतं.

"बसता का, सुनंदाताई?" साडूंनी विचारलं.

गावाला फेरी मारून ती परतली ती खळखळून हसत. माझ्या मागं बसून ती कधी अशी हसली असेल तर मला दिसली नाही. त्या माणसाला मात्र नुसती मान वळवली की दिसत होती! तिथंच ठरवलं, हिला डब्यातून मीच फिरवणार. आधी थोडा सराव.

जेवणानंतर लवंडलेल्या साडूंकडे चावी मागितली.

"न्या ना, साडभाऊ. पण ते पोतं..."

पुढचं मी ऐकलंच नाही. डब्यात ढेपेचं (सरकीच्या पेंडीचं) पोतं होतं. माझ्या बायकोच्या जागी ढोरांचं खाणं? उचलून गोठ्यात ठेवलं, गादी झटकली आणि निघालो.

पहिल्याच डाव्या वळणावर डबा हवेत उठला. घाबरून मी हँडल उजवीकडे ओढलं. स्कूटर गुरांच्या हौदाला टेकली, मी हौदात बसलो.

"पोतं काहून काढलं?" साडू धावत आले. "रिकामा डबा डाव्या वळणाले उठते, साडभाऊ. वजन लागते त्यात!"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, मग स्कूटरकडे. "भाऊजी, मले शिकवता का चालवाले?"

"शिकवतो. पण पोतं आना लागन गोठ्यातून."

"राहू द्या. हे आहेत ना," ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली.

ओल्या पॅन्टीनं मी लाल गादीवर बसलो. हँडलवर ती, मागं सूचना देणारे साडू. मला जळायलाही पुरेशी जागा नव्हती. वळण आलं. "हालू नका!" ती ओरडली. मी वासरासारखा मान वर करून तिच्याकडे बघत राहिलो. ओठ घट्ट मिटलेले, डोळे चमकत होते. वळण पार पडलं आणि ती हसली.

परतताना मी आरसा तिच्या चेहऱ्यावर वळवून ठेवला. मागचे ट्रक दिसेनासे झाले.

"आपल्या गाडीले डबा बसते का हो?" आर्णीच्या पुढं तिनं विचारलं.

"बसेल. पण चालवणार कोण?"

ती आरशात नुसती हसली. यवतमाळ येईपर्यंत मी पोट कमी करायचा विचार सोडून दिला होता.