बांगडे मास्तरांचा पारा

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बांगडे मास्तरांचा रक्तदाब मी वर्षभर खोटा सांगत होतो. कर्जतच्या एका दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो, मास्तर माझे पोशीरच्या शाळेतले गुरुजी. दर रविवारी डॉक्टरांचं पाऱ्याचं यंत्र सायकलला बांधून मी त्यांच्या पडवीत हजर व्हायचो.

मास्तरांचं खरं आडनाव गाव विसरून गेलं होतं. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला त्यांनी पेपरात वाचलं, की माशाच्या चरबीनं रक्तदाब उतरतो. ते कात्रण चष्म्याच्या घरात गेलं आणि डॉक्टरांच्या गोळ्यांवर मास्तरांचा संशय बसला. आता पेपरातला मासा ताजा. पोशीरला समुद्राचा ताजा मासा येणार कुठून? घरात होते ते आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरलेले खारे बांगडे. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं होतं. मास्तरांनी आमटीतलं तोडलं. बांगड्यातलं मीठ त्यांच्या मते बांगड्याचं होतं, त्यांचं नव्हे.

एका थंडीत त्यांनी पडवीत प्रयोगच मांडला. एका ताटलीत मटणाचा रस्सा, दुसरीत बांगड्याचा. सकाळी मटणावर पांढरा थर धरलेला, बांगड्याचं तेल तसंच तरंगत होतं.

"बघा रं," मास्तर म्हणाले, "जी चरबी ताटलीत गोठत नाय, ती रगतात काय गोठंल?"

"पन मास्तर," शेजारचा दगडू म्हणाला, "डाक्टर कुटं म्हनतो रगत गोठलंय? त्यो म्हनतो चढलंय."

"तू चौथीला तीनदा बसलास. गप ऱ्हा."

पहिल्या रविवारी पारा एकशेऐंशीवर होता आणि मी तसं सांगितलं. "तुजा कान पहिल्यापासून कच्चा," मास्तर म्हणाले. त्या दिवशी मला पिठलं मिळालं. पुढच्या रविवारी पारा तिथंच, पण मी एकशेचाळीस म्हणालो. ताटात अख्खा बांगडा आला आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा गावभर झाला. बांगड्यासाठी खोटं बोललो म्हटलं तर सोपं जाईल. खरं म्हणजे, ज्यांनी मला आकडे गिरवायला शिकवलं त्यांना नापास करायची माझी छाती नव्हती.

चार-सहा रविवारांत मास्तरांनी गोळ्या सोडल्या. "तुजा हात यंत्रावर, माजा बांगड्यावर. डाक्टरला काम काय उरलं?" मी हसलो. पुढच्या खेपेला एकशेतीस म्हणालो.

भात झोडताना मास्तर खळ्यातच एका अंगावर कलले. वाचा गेली. नवव्या दिवशी तेही गेले.

मास्तरांच्या पत्नी, काकू, आहेत अजून. खारे मासे त्यांनी पुन्हा घरात आणले नाहीत, स्वतःच्या ताटातही मीठ घेत नाहीत. गेलो की चहा टाकतात आणि म्हणतात, "दोन पान्यातनं धुतले आसते बांगडे, तर ऱ्हायले आसते रं ते. माज्याच हातानं गेले."

मी चहा पितो आणि उठतो. मास्तरांनी गोळ्या सोडल्या त्या माझ्या शब्दावर, हे काकूंना सांगायचं मी अजून देणं लागतो.