माघारी आणलेलं वाण

२१ जानेवारी. दुपारी गहू पाखडायला बसले, तर हातातलं सूप थरथरायला लागलं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. लगेच सांगलीला या."

तशीच दवाखाना गाठला. टीएसएच जवळजवळ शून्य होतं. टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक. ते इतकं कमी, म्हणजे अंगात थायरॉईडचं रसायन फार झालेलं. नाडी एकशे तीस.

"सध्या कुठलं औषध घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही." मला आधी लॅबचाच संशय आला.

"मग वजन कशानं उतरलं?"

पर्समधून डबी काढावी लागली. मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेल्या, 'शंभर टक्के आयुर्वेदिक' कॅप्सूल. तीन आठवड्यांत पाच किलो उतरले होते.

त्यांनी डबी फिरवून बघितली. "बनवणाऱ्याचा पत्ता कुठाय? परवाना क्रमांक? तपासल्याशिवाय खात्री नाही, पण यात थायरॉईडचं औषध मिसळलेलं असावं. आजपासून बंद." ठोके आवरायला एक गोळी लिहून दिली.

बाहेर बाकावर बसून ती जाहिरात पुन्हा बघितली. पांढऱ्या कोटातल्या माणसाचे ओठ आणि आवाज जुळत नव्हते. सगळ्या बायकांच्या अभिप्रायात एकच वाक्य. 'डॉक्टरांना विचारू नका, ते बंद करायला सांगतील' हे तर मी आधीच वाचलं होतं, आणि मला पटलंही होतं. भेंडीचं टोक मोडल्याशिवाय न घेणारी मी!

तुम्ही असलं काही घेत असाल तर डबीसकट डॉक्टरांकडे जा. लपवू नका.

मी आणखी एक लपवलं होतं. तीन डब्यांवर तीन फुकट आल्या होत्या. दरवर्षी वाट्याच काय द्यायच्या, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच कॅप्सूल दहा-दहा पुडीत बांधून अकरा जणींना वाण म्हणून दिल्या. त्यात शेजारच्या काकू. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी.

परत आत जाऊन सांगितलं. "त्यांना आधी थांबवा," डॉक्टर म्हणाले.

अकराही जणींना फोन केले. दहा जणींनी लगेच ऐकलं. काकू लेकीकडे शिराळ्याला होत्या. "अगं, दिल्यालं वाण कुनी माघारी मागतं व्हय? आन् मी पुडी सोडलीच न्हाई अजून."

बोलताना त्यांना धाप लागत होती. माझा विश्वास बसला नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं शिराळा गाठलं. त्यांच्यापुढे स्टीलची वाटी ठेवली. "हे वाण. ते द्या."

"तू लय बारीक झालीस, म्हनून मोह झाला गं." त्यांनी पुडी आणली. मोजल्या, सातच होत्या.

काकूंना चप्पल घालायला लावली आणि तसंच तिथल्या दवाखान्यात नेलं. ईसीजी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, बरा निघाला. मग तिथल्याच माठातलं पाणी घेऊन मी माझी ठोक्यांची, सकाळची राहिलेली गोळी घेतली.